काळ्या कागदाचा राजपुत्र

‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ या जुन्या जर्मन अ‍ॅनिमेशनपटात राजपुत्र अहमदच्या चेहऱ्यावरचे भाव आपल्याला दिसतच नाहीत. काळी बाह्यरेषा, नाकाचं टोक, फेट्यावरचा तुरा, एवढंच दिसतं. तरी जादूचा घोडा त्याला घेऊन आभाळात शिरतो तेव्हा पोटात गोळा येतो. मी ते दृश्य कितीदा तरी पाहिलंय. दर वेळी येतोच.

हा चित्रपट १९२६ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांत तो सर्वांत जुना. आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून ज्या कथा वाचल्या, त्याच कुळातली ही कथा. लोटे रायनिगर या तरुणीने बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये, एका बँकमालकाच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून, तीन वर्षं खपून तो केला. महागाईने जर्मन चलनाची माती होत होती, म्हणून त्या बँकमालकाने पैशांऐवजी कोऱ्या फिल्मचा साठा करून ठेवला होता. तोच कामी आला.

बाहुल्या काळ्या पुठ्ठ्याच्या आणि पातळ शिशाच्या पत्र्याच्या. मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा असे तुकडे वेगवेगळे कापायचे आणि बारीक तारेने जोडायचे. बाहुली काचेच्या टेबलावर आडवी, खालून उजेड, वरून कॅमेरा. हात केसभर सरकवायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायचा. मिनिटभराच्या चित्रासाठी अशा हजाराहून अधिक चौकटी लागत. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो, तिथे खेळवणाऱ्याचा हात बाहुलीसोबतच हलतो. इथे मात्र प्रत्येक चौकटीआधी हात मागे घ्यायचा. दोन चौकटींमधली हालचाल कुठेच टिपलेली नसते. ती आपला मेंदू भरून काढतो. सलग दाखवलेल्या स्थिर खुणा हलताना का भासतात, यावर माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच प्रयोग प्रसिद्ध केले होते.

पण नुसतं हलणं आणि जिवंत वाटणं यांत अंतर आहे. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी माणसांच्या सांध्यांवर दहा-बारा ठिपके लावून, बाकी सगळा काळोख ठेवून चित्रण केलं आणि १९७३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ठिपके स्थिर असले की बघणाऱ्याला काहीच उमगत नाही. हलले की क्षणात कळतं, माणूस चालतोय! मला वाटतं, रायनिगरच्या कात्रीची किमया इथेच आहे. तिने वगळायचं ते सगळं वगळलं, पण सांधे जागच्या जागी ठेवले आणि त्यांची लय अचूक पकडली.

चेहऱ्याचं कामही आपणच करतो. अमेरिकेत १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांची छोटी फिल्म दाखवून विचारलं, काय दिसलं? जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ भेदरलेलं. साध्या आकारांना आपण मन बहाल करतो, मग मान खाली घातलेल्या राजकन्येला का नाही करणार? प्रत्येक जण तिला आपापला चेहरा देतो. हल्लीच्या चकचकीत संगणकपटांत पापणीचा केसन् केस दिसतो, पण तिथे मला द्यायला काही उरत नाही.

चेटकीण आणि जादूगार यांची झुंज जरूर बघा. सिंह होतो, साप होतो, विंचू होतो, कोंबडा होतो. एका काळ्या आकारातून दुसरा निघताना कुठेही शिवण दिसत नाही, कारण लपवायला ना रंग ना पोत, फक्त कडा.

आणि एकदा मध्येच फिल्म थांबवा. समोर कातरलेला कागद उरतो, मनगटाजवळचा जोडही दिसतो. पुन्हा सुरू केलीत की दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीतच अहमद घोड्यावर असतो.