प्रौढांसाठी स्वयंसेवी इंग्रजी अध्यापन, परदेशातील

आपला देश सोडून दुसऱ्या देशात जाऊन प्रौढांना बिनपगारी इंग्रजी शिकविण्याची प्रथा. राहण्याजेवण्याची सोय किंवा अल्प निर्वाहभत्ता मिळाला, तरी ती स्वयंसेवाच मानतात. मध्यस्थ संस्थेला उलट शुल्क भरून केलेले काम तीत धरावे की पर्यटनात, याबाबत मात्र एकमत नाही. ‘प्रौढ’ची व्याख्याही सैल आहे : भारताच्या १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ हा वयोगट धरला होता.

प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. एक मत तो मिशनऱ्यांपर्यंत नेते आणि नागपुरात त्यासाठी स्टीफन हिस्लॉप यांचा दाखला दिला जातो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा भोसल्यांचे राज्य टिकून होते. (१८८३ चे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे, भूवैज्ञानिक त्यांना ओळखतात ते मध्य भारतातील जीवाश्मांमुळे.) परंतु मिशनरी चर्चच्या सेवेत असत, विद्यार्थी प्रामुख्याने मुलगे असत आणि हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यामुळे हा दाखला ओढूनताणून आणलेला वाटतो. दुसऱ्या मतानुसार मूळ शोधावे ते लंडनचे टॉयन्बी हॉल (१८८४) आणि जेन ॲडम्स यांचे शिकागोतील हल हाउस (१८८९) यांसारख्या वस्ती-केंद्रांत, म्हणजे गरीब वस्तीत राहून तेथील लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांत. हल हाउसमध्ये दिवसभर राबून आलेल्या स्थलांतरितांसाठी इंग्रजीचे वर्ग चालत. येथे प्रौढ विद्यार्थी आणि स्वयंसेवी शिक्षक दोन्ही भेटतात. मात्र परदेशी असतो तो विद्यार्थी. शिक्षकाने समुद्र ओलांडण्याची संघटित पद्धत रूढ झाली ती ब्रिटनमधील ‘व्हीएसओ’ (१९५८) आणि अमेरिकेचे ‘पीस कोअर’ (१९६१) या परदेशी स्वयंसेवक पाठविणाऱ्या संघटनांमुळे. अध्यापनाची रीत वस्ती-केंद्रांकडून व प्रवासाची चौकट या संघटनांकडून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पीस कोअरचे काम भारतात १९६१ ते १९७६ या काळात चालले. त्यात शेती, कुक्कुटपालन, आरोग्य अशी कामेही होती.

१९६१ मध्येच युगांडातील माकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुल परिषद भरली. ‘इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती मातृभाषा असलेला’ ही धारणा या परिषदेशी जोडली जाते. भाषाअभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये ती भ्रामक ठरविली. व्यवहारात ती जिवंत आहे : दक्षिण कोरिया भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना देतो व त्यांत भारत नाही. हा नियम पगारी शिक्षकांचा असला, तरी स्वयंसेवक निवडतानाही तोच कल दिसतो. नागपूर त्यामुळे शिक्षक पाठविणाऱ्यापेक्षा त्यांचे स्वागत करणारेच गाव राहिले आहे.

प्रशिक्षणांत ‘सेल्टा’ (CELTA) हे इंग्रजी शिक्षकांचे प्रमाणपत्र सर्वांत परिचित. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या वर्गातून ते विकसित झाले. किमान १२० तासांचा अभ्यास, त्यांपैकी ६ तास निरीक्षकासमोर प्रत्यक्ष शिकविणे, असे त्याचे स्वरूप. नावातले शेवटचे अक्षर मुळात ‘प्रौढ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे. अधिकृत नावातून तो शब्द पुढे गळाला, अक्षर तेवढे उरले.

या तासांत शिकणाऱ्याच्या मातृभाषेचा विचार फारसा होत नाही. मराठी प्रौढांपुढे उभ्या राहणाऱ्या परदेशी शिक्षकाला पहिला धक्का बसतो तो ‘पेन’ या शब्दाने. शब्दारंभीचा इंग्रजी ‘प’ किंचित महाप्राण (हवेच्या झोतासह उच्चारलेला) असतो, मराठी ‘प’ नसतो. ताई ‘पेन’ म्हणतात, पाहुण्याला ‘बेन’ ऐकू येते. दारू आणि द्राक्षवेल यांचे इंग्रजी शब्द मराठी तोंडी एकच ‘वाइन’ होतात, कारण आपला ‘व’ त्या दोन ध्वनींच्या मधला. ‘द’ हे उपपद कुठे लावायचे आणि कुठे गाळायचे, हे तर वर्षभर पुरते. हे अडथळे स्वतः ओलांडलेला शिक्षक ते सहज सांगू शकतो. उलट बाजूही आहे : स्टेशन, तिकीट, रिचार्ज, टाइमपास असे शेकडो शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी आधीपासून असतात. ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ हे वाक्यसुद्धा ते ‘सर’ किंवा ‘मॅडम’ लावूनच उच्चारतात.

भारतात येणाऱ्यांसाठीचे नियम गुंतागुंतीचे आहेत. नोकरी-व्हिसाला किमान पगाराची अट आहे. परकीय भाषांच्या शिक्षकांना तीतून सूट आहे, पण इंग्रजीच्या शिक्षकांना नाही. स्वयंसेवी संस्थेत मानद काम करणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे. ई-पर्यटक व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा करता येते, ती एक महिन्यापर्यंतच.