सोलापूरचं पाणी लांब कसं गेलं

"आज तुमच्याकडं सुटलं का?" सोलापुरात एवढंच विचारलं तरी पुरतं, काय सुटलं ते सांगावं लागत नाही. नळाला पाणी कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड येतं. त्यामुळे जुन्या वाड्यात काय किंवा नव्या अपार्टमेंटमध्ये काय, जमिनीतला हौद आधी लागतो. ज्यांना हौदाला जागा नाही ते बॅरल ठेवतात. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांचा पाण्याच्या दिवशी हात थांबतो, आणि त्या दिवशी विड्या कमी भरल्या की मजुरीही कमी. पाऊस कमी म्हणून असं होतं, हे सगळ्यांचं पाठ उत्तर. जिल्हा पर्जन्यछायेतला आहे हे खरंच, पण गोष्ट तिथं संपत नाही.

गावाचं पहिलं मोठं पाणी गावातच होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना घेऊन तळं खोदलं. वीरशैव संत अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हा "तो वड्ड कुठंय?" असं हिणवून विचारल्याची कथा वीरशैव परंपरेत सांगतात. वड्ड म्हणजे दगडमाती फोडणारा वडार. टोमणा आध्यात्मिक होता. पण ज्याला गावाचं ग्रामदैवत मानायचं त्याची ओळख माती उपसणारा अशी असावी, हे मला फार सोलापुरी वाटतं. जानेवारीतल्या यात्रेचा अक्षता सोहळा आजही त्याच तळ्याकाठी, संमती कट्ट्याजवळ होतो. ते पाणी मात्र आता कुणी पीत नाही.

मग पाणी आठ-दहा किलोमीटर लांब गेलं. इंग्रजांनी अधिला नदीवर हिप्परग्याला मातीचा बंधारा घालून एकरुख तलाव बांधला. मूळ हेतू शेतीचा. तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला. पुढं १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला आणि त्याच काळात, १८७७ मध्ये, 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणीही उभी राहिली. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या गावाला नळाचं पाणी हवंच होतं. ते १८८१ च्या सुमारास एकरुखवरून आलं.

पाणी आलं, पण ते सगळ्यांचं झालं असं नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला. असा ठराव करावा लागला, यातच तेव्हाच्या आडांची आणि विहिरींची स्थिती कळते.

गिरण्यांचं शहर वाढलं, १९६४ मध्ये महापालिका झाली. एकरुख गाळानं भरत चालला होता. मग भीमेकडं हात पसरला: टाकळीला उपसा, सोरेगावला शुद्धीकरण. अंतर पुन्हा वाढलं. वरच्या अंगाला माढा तालुक्यात उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि टाकळीचं पाणी धरणाच्या हातात गेलं. टाकळीसाठी उजनीतून नदीत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवायचं, आणि तिथून उचलायचं. या प्रवासात पाच-सहा टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) सोडावं लागतं. शहर त्यातलं एक टीएमसीसुद्धा वापरत नाही. बाकीचं वाळूत मुरतं, उन्हानं उडतं आणि दोन्ही काठांच्या मोटारी ओढतात. खाली तर पलीकडचा काठ कर्नाटकाचा. आवर्तन, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, चालू असताना नदीकाठची वीज तोडतात, शेतकरी चिडतात. शहराचं किंवा शेतकऱ्यांचं, कुणाचंच चुकतं असं म्हणवत नाही.

यावर उपाय म्हणून नव्वदच्या दशकाअखेर उजनीहून थेट शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी शहराजवळच्या पाकणीला आली. तिची क्षमता सुमारे ८० एमएलडी, म्हणजे रोज आठ कोटी लिटर.

उजनी 'उणे' गेली की शहराच्या पोटात गोळा येतो. गणित समजून घेतलेलं बरं. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी मावतं, त्यातलं साधारण ६४ मृतसाठा आणि ५३ उपयुक्त. टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, मृतसाठ्याला हात लागला की ती उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० च्या जवळ गेलं, तेव्हाही तळाशी तीस टीएमसी होतं. पलसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं, लोक फोटो काढायला जातात. इकडं मात्र पंपाच्या तोंडापर्यंत पाणी येत नाही म्हणून दुबार पंपिंग, म्हणजे आधी पंपापर्यंत आणि मग पुढं असा दोनदा उपसा, करावं लागतं. शिवाय तळाशी उरतं त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून आलेलं असतं.

खेड्यांचा रस्ता वेगळा. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर आले, हातपंप आले. मग बोअर बागेसाठीही पडू लागले आणि डाळिंब, ऊस आणि घागर एकाच झऱ्यावर आले. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी घातली. तो पाळायला लावणं कुणाच्या गावी नव्हतं. सांगोल्यात शिरभावीच्या प्रादेशिक योजनेनं ऐंशीहून अधिक गावं एका नळावर आणली. शेजारच्या मंगळवेढ्यातल्या काही गावांनी २००९ मध्ये शेतीच्या पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली, तोच हा तालुका. २०१९ पासून जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटरचा शब्द दिला. अंगणात निळा पाइप आणि तोटी आली, पण विहीर मार्चमध्येच आटली तर तोटीखाली टँकरचीच वाट पाहायची.

शहरात २०१६ च्या स्मार्ट सिटी यादीत नाव आल्यावर उजनीपासून समांतर जलवाहिनीची योजना पुढं सरकली. इथं औष्णिक वीज प्रकल्प चालवणाऱ्या एनटीपीसी कंपनीचे त्यात २५० कोटी. क्षमता १७० एमएलडी. २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं. आज दहा लाख धरा, तरी एकट्या या वाहिनीतून माणशी १७० लिटर होतात. कागदावर रोज पाणी देता येतं.

मात्र जलवाहिनी शहराच्या वेशीपर्यंत येते. वेशीच्या आत गावठाणातल्या जुन्या वाहिन्या, गळती, हद्दवाढ भागाला कमी पडणाऱ्या उंच टाक्या आणि प्रत्येक चौकातली चावी. चावीवाला आज एक पेठ सोडतो, उद्या दुसरी. सगळ्यांना एकदम सोडलं तर टोकाच्या घराला दाबच मिळत नाही. शिवाय बहुतेक घरी हौद आणि टिल्लू पंप (नळाला लावायची छोटी मोटार) आहे, जो पाणी सुटल्या सुटल्या शेजाऱ्याचंही ओढून घेतो.