सौर पॅनेलचा कर आणि त्याखालच्या सांगाड्याचा कर: पार्श्वभूमी

पवनचक्कीच्या टॉवरला बुडाशी एक लोखंडी दरवाजा असतो. तंत्रज्ञ त्यातूनच आत शिरतो आणि वर चढतो. हा दरवाजा पवनचक्कीचा भाग, की नुसतं लोखंडी काम? उत्पादन शुल्काच्या काळात पवनचक्की आणि तिच्या सुट्या भागांना शुल्कमाफी होती, त्यामुळे हा वाद थेट मुंबईच्या न्यायाधिकरणापर्यंत गेला. टॉवर पवनचक्कीचा, दरवाजा टॉवरचा, मग दरवाजाही पवनचक्कीचाच, असं तिथे ठरलं. मला हा तर्क पूर्ण पटतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तोच प्रश्न सौरऊर्जेच्या दारात उभा राहिला. जीएसटीच्या दर-अनुसूचीतल्या २३४ क्रमांकाच्या नोंदीने अक्षय ऊर्जेची उपकरणं आणि ती बनवायला लागणारे भाग ५ टक्क्यांत बसवले, पण फक्त मालाच्या वर्गीकरण-यादीतल्या ८४, ८५ आणि ९४ या प्रकरणांतला माल. आता छतावरच्या संचाचं बिल समोर धरा. पॅनेल, इन्व्हर्टर ८५ मध्ये. पॅनेल ज्यावर बोल्टने कसतात तो पोलादी सांगाडा मात्र ७३ मध्ये, म्हणजे सुटा विकला तर १८ टक्के. केबल ८५ मधलीच, पण ती संचाचा भाग की बाजारातली साधी केबल, यावर भांडण.

प्रकल्प पूर्ण उभारून देणाऱ्यांची अडचण याहून मोठी होती. पाया घालून उभा केला म्हणजे स्थावर मालमत्ता झाली, सबब वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि काम एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट, जे सेवा धरलं जातं), सबब १८ टक्के, असा निवाडा महाराष्ट्राच्या अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाने (कर किती लागेल हे करदात्याला आधीच सांगणारी यंत्रणा) २०१८ मध्ये दिला. त्यावर जीएसटी परिषदेने तोडगा काढला. १ जानेवारी २०१९ पासून कंत्राटाच्या ७० टक्के रकमेवर मालाचा दर, ३० टक्क्यांवर सेवेचा १८ टक्के. एकूण भार ८.९ टक्के. ऑक्टोबर २०२१ मध्ये मालाचा दर १२ झाला तेव्हा हा भार १३.८ वर गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर पुन्हा ५ झाल्यावर ८.९ वर परतला.

हे सूत्र सोयीचं आहे, पण न्याय्य नाही. ज्याच्या कंत्राटात यंत्रसामग्रीच ८५ टक्के आहे, त्यालाही सेवा ३० टक्केच धरावी लागते. शिवाय कंत्राटात सेवा नसेल, नुसता माल पाठवायचा असेल, तर सांगाड्याचा प्रश्न होता तिथेच राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मुळालाच हात घातला. पाया असतो तो संच डगमगू नये म्हणून. बोल्ट सोडवून संच दुसरीकडे नेता येतो, तेव्हा तो जंगमच.