पास्ता वाळवायला यंत्र लागतंच का?

'घरी केलेला पास्ता वाळवायचा तर ड्रायर हवा, नाहीतर थेट कडक ऊन किंवा गरम ओव्हन' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. पटण्यासारखं वाटतं, कारण उष्णतेने पाणी उडतं हे खरंच आहे.

पण इथे घाई नडते. वरचा थर आधी सुकून आकसतो, आत ओल राहते. या ताणाने पट्टीला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि उकळत्या पाण्यात तिचे तुकडे होतात. म्हणून उष्णतेपेक्षा खेळती हवा महत्त्वाची. पट्ट्यांना थोडं पीठ लावून त्या स्वच्छ हँगरवर किंवा सुती कापडावर सुट्या पसरा. पातळ पट्ट्यांना कोरड्या हवेत साधारण 12 ते 24 तास पुरतात. दमट हवेत जास्त.

वाळला की नाही, हे वजनकाटा सांगतो. काही तासांच्या अंतराने दोनदा वजन करा; घटायचं थांबलं की झालं. मग सर्वांत जाड पट्टी मोडा. 'कट्' आवाज यायला हवा. वाकली तर अजून ओल आहे, डबा बंद करू नका, बुरशी येईल. अंड्याचा पास्ता मात्र मी वाळवतच नाही, सरळ फ्रीझरमध्ये टाकते.