जुळे घर (ट्विन बंगलो)

मधली एक भिंत सामाईक, पण दार, जिना, अंगण आणि मालकी वेगवेगळी अशी दोन घरांची जोडी. रो-हाउसला फक्त पुढून-मागून उजेड मिळतो. इथे तीन बाजू मोकळ्या असतात. जोडाच्या बाजूला सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडावे लागत नसल्याने सुट्या बंगल्यापेक्षा लहान प्लॉटवर भागते.

हा प्रकार रुळला ब्रिटनमध्ये. लंडनच्या सेंट जॉन्स वुडमधील आयर इस्टेटच्या १७९४ च्या आराखड्यात अशा जोड्या आखलेल्या आहेत. पुढे कामगारांच्या घरांविषयीच्या १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स अहवालाने शहरात एकरी १२ घरांची मर्यादा सुचवली. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने स्थानिक संस्थांना घरबांधणीसाठी अनुदान दिले आणि उपनगरे जुळ्या घरांनी भरून गेली.

नियोजन दर्शनी भागापासून नव्हे, सामाईक भिंतीपासून सुरू करावे. सोपी रीत म्हणजे आरशातले प्रतिबिंब: स्वयंपाकघराला स्वयंपाकघराची पाठ, निजायच्या खोलीला निजायच्या खोलीची. जिन्याला खिडकी नसली तरी चालते, म्हणून तो या भिंतीला लावण्याचा मोह होतो. पण पायऱ्या भिंतीत रुतवल्या की पलीकडच्या उशाशी रात्री पावले वाजतात. जिन्याचा स्लॅब भिंतीपासून सुटा ठेवावा, किंवा मध्ये कपाटांची ओळ घ्यावी. भिंतीत खोचलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर मिक्सर फिरला तरी शेजारी कळते. दोन्हीकडचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले, तर ९ इंची भिंत तिथे जेमतेम निम्मी उरते. इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या अशा भिंतीने हवेतून येणारा आवाज किमान ४५ डेसिबलने अडवावा, असा नियम आहे.

दोन स्वतंत्र भिंती आणि मध्ये फट ही रचना आवाजासाठी उत्तम. मात्र फटीचे तोंड गच्चीवर पत्र्याच्या पट्टीने नीट झाकले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही घरांत ओल उतरते आणि गळती कोणाची यावर वाद सुरू होतो. न्हाणीघर शक्यतो बाहेरच्या भिंतीकडेच असावे. पायाचेही आधीच ठरवावे: हद्दीवरच्या कॉलमचा पाया शेजारच्या जागेत पसरता येत नाही, म्हणून एक तर दोघांचा एकत्र पाया घालतात किंवा तो आतल्या कॉलमच्या पायाशी बीमने जोडतात. पुढे मजला चढवायचा असेल, तर तो भार आत्ताच हिशेबात धरायला हवा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे असे हक्क खरेदीखतातच लिहून घेतलेले बरे.

महाराष्ट्रात आरशाचा नियम अडतो तो वास्तुशास्त्रापाशी. सामाईक भिंत दक्षिणोत्तर असेल, तर एका घराचे आग्नेयेचे स्वयंपाकघर दुसऱ्यात नैर्ऋत्येला जाते आणि ईशान्येचे देवघर वायव्येला. मग गिऱ्हाईक अडून बसते, एका घराचा नकाशा बदलतो आणि एकाच्या ओट्यामागे दुसऱ्याचा पलंग येतो. अशा वेळी किमान ओटा तरी सामाईक भिंतीपासून सोडवून बाहेरच्या भिंतीला न्यावा.