आयबीचे डायरेक्टर

आयबी म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो, मराठी पेपरात गुप्तचर विभाग लिहितात तीच. देशाच्या आतली गुप्त माहिती काढणं हे तिचं काम आणि तिचा प्रमुख म्हणजे डायरेक्टर, सरकारी बोलण्यात नुसतं डीआयबी. आयपीएस अधिकाऱ्यांमध्ये हे सगळ्यात वरचं पद मानतात. खांद्यावरची खूण सुद्धा वेगळी, राजमुद्रा, तिच्याखाली एक तारा आणि मग तलवार-दंडाची फुली, राज्याच्या पोलीस प्रमुखाला, म्हणजे डीजीपीला, तो मधला तारा नसतो. पण ही खूण ज्याला मिळते तो ती लावून फिरताना दिसत नाही कारण आयबीत काम साध्या कपड्यातच चालतं.

संस्था तशी जुनी, १८८७ ला ब्रिटिशांनी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर पहिले भारतीय डायरेक्टर झाले टी. जी. संजीवी पिल्लई, आणि १९५० मध्ये आले भोलानाथ मलिक, ते थेट १९६४ पर्यंत राहिले. एवढी वर्षं त्या खुर्चीत परत कोणी बसलं नाही. आज या पदावर पोचायचा जो रस्ता आहे तो बराचसा मलिक यांच्या काळात पडलेला आहे. तरुण आयपीएस अधिकाऱ्यांमधले चांगले हेरून आधीच बाजूला काढायचे, काही वर्षं आपापल्या राज्यात जिल्हा सांभाळून झाला की त्यांना दिल्लीत ओढायचं, आणि मग त्यातले बरेच जण रिटायर होईपर्यंत आयबीतच राहतात. म्हणजे कागदोपत्री केडर, नेमून दिलेलं राज्य, केरळ किंवा मध्य प्रदेश, पण आख्खी नोकरी काश्मीर, ईशान्य, पंजाब अशी. अजित डोवाल १९६८ च्या बॅचचे, केरळ केडरचे, त्यांचं नाव झालं ते मिझोराम आणि पंजाबच्या कामामुळे, कीर्तिचक्र मिळालं, आणि डायरेक्टर म्हणून मात्र २००४-०५ मध्ये जेमतेम काही महिने मिळाले. असंच होतं, तीस-पस्तीस वर्षं काम करायचं आणि वरची खुर्ची मिळते तेव्हा वय संपत आलेलं असतं. म्हणून हल्ली साधारण दोन वर्षांची मुदत देतात आणि गरज वाटली तर वाढवतात, २०२२ ला आलेल्या तपन डेका यांनाही मुदतवाढ मिळाली.

डायरेक्टर नेमकं काय करतो हे समजायला हजरतबलचं उदाहरण बघावं. २७ डिसेंबर १९६३ ला श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पैगंबरांचा पवित्र केस चोरीला गेला आणि ऐन थंडीत अख्खं काश्मीर रस्त्यावर आलं. नेहरूंनी मलिकना स्वतः तिकडे पाठवलं. ४ जानेवारीला केस परत जागेवर होता. तो कसा आला हे मलिक यांनी कधीच उघड केलं नाही. पण तेवढ्याने भागलं नाही, हा खरा तोच का असं लोक विचारू लागले, मग लालबहादूर शास्त्री गेले आणि फेब्रुवारीत धर्मगुरूंकडून ओळख पटवून घेतली तेव्हा कुठे वातावरण निवळलं. माहिती काढणं एक आणि लोकांचा तिच्यावर विश्वास बसणं वेगळं, हे दुसरं काम डायरेक्टरच्या हातात नसतं.

१९६२ च्या चीन युद्धाचा डाग मलिक यांच्या कारकिर्दीवर आहेच. तेव्हा परदेशी हेरगिरी पण आयबीकडेच होती, १९६५ च्या युद्धानंतर परत तक्रारी झाल्या आणि १९६८ मध्ये इंदिरा गांधींनी ते काम काढून रॉ वेगळी केली. डायरेक्टरचा आवाका तिथे निम्मा झाला.

यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आणीबाणीची. तेव्हाचे डायरेक्टर आत्मा जयराम यांनी नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे सांगितलं की आणीबाणी लागल्याचं आपल्याला २६ जून १९७५ ला ऑफिसात गेल्यावर कळलं. देशाच्या आत काय शिजतंय हे सांगणं ज्याचं काम त्यालाच विचारलं नव्हतं! मला वाटतं या पदाची खरी जागा यातून कळते, ताकद आहे ती पंतप्रधान आणि गृहमंत्री यांच्या भरवशावर, कायद्यावर नाही. आयबीला स्वतःचा कायदा आजही नाहीये, अटकेचा अधिकार नाही, माहिती अधिकार कायद्यातून बहुतांशी सूट आहे आणि संसदेची कुठली समिती तिच्या कामावर थेट नजर ठेवत नाही. २०११ मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी असा कायदा व्हावा म्हणून खासगी विधेयक आणलं होतं, पुढे गेलं नाही. हे व्हायला पाहिजे होतं, आयबीतल्या लोकांसाठी सुद्धा, कारण चुकीचा हुकूम आला तर नाही म्हणायला हातात एक कागद तरी असता.

रोजचं काम म्हणजे राज्याराज्यातून आलेले रिपोर्ट चाळून वर कळवणं, शिवाय २००१ पासून मल्टी एजन्सी सेंटर आयबीतच आहे, तिथे बाकीच्या एजन्सीची दहशतवादाची माहिती एकत्र येते. डीजीपींची वार्षिक परिषदही आयबीच भरवते, २०१९ ची पुण्यात झाली होती.

रिटायर झाल्यावर बरेच जण राज्यपाल होतात, टी. व्ही. राजेश्वर, ई. एस. एल. नरसिंहन ही नावं त्यातली. एम. के. नारायणन आधी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आणि मग पश्चिम बंगालचे राज्यपाल. २०१३ ला आलेले आसिफ इब्राहिम पहिले मुस्लिम डायरेक्टर, त्याला संस्था सुरू झाल्यापासून सव्वाशे वर्षं लागली.