इन्फ्रारेड की हायपरस्पेक्ट्रल? उपकरण घडवू पाहणाऱ्यांसाठी

गोव्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या ज्या मुलांना उपग्रहांची उपकरणे घडवायची असतात, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: इन्फ्रारेडमध्ये जावे की हायपरस्पेक्ट्रलमध्ये? पण ह्या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत. इन्फ्रारेड म्हणजे प्रकाशाचा कोणता भाग मोजायचा, आणि हायपरस्पेक्ट्रल म्हणजे तो किती बारीक विभागून मोजायचा. गाण्यात सप्तक वेगळे आणि श्रुती वेगळ्या, तसे हे.

अमेरिकेच्या लँडसॅट-८ उपग्रहावरचे टीआयआरएस हे उपकरण पूर्णपणे इन्फ्रारेड आहे, पण त्याला पट्टे, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे मोजलेले तुकडे, दोनच. उलट चांद्रयान-१ वरच्या 'हायसी' ह्या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याला 64 पट्टे होते, मात्र ते 0.4 ते 0.95 मायक्रोमीटर तरंगलांबीमध्ये, म्हणजे बहुतांशी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात.

बारीक विभागणीने काय साधते ते डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात चांगले कळते. तिथल्या मातीत हेमॅटाइटही असते आणि गोएथाइटही. दोन्ही लोहाचीच खनिजे. हेमॅटाइट साधारण 0.86 मायक्रोमीटरजवळ प्रकाश शोषते, गोएथाइट 0.92 च्या आसपास. जांभ्यातली केओलिनाइट माती 2.2 जवळ आपली खूण दाखवते. लँडसॅटचा त्या भागातला पट्टा 2.11 पासून 2.29 पर्यंत पसरलेला. खूण त्यात विरघळून जाते. दहा नॅनोमीटरच्या (0.01 मायक्रोमीटरच्या) पट्ट्यांत तीच खूण स्पष्ट उमटते.

पण म्हणून खनिज ओळखायला नेहमी परतलेल्या सूर्यप्रकाशाचा हाच भाग पुरतो असे नाही. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या क्वार्ट्झची ठळक खूण ह्या भागात नाहीच, ती 8 ते 9.5 मायक्रोमीटरच्या औष्णिक इन्फ्रारेडमध्ये सापडते. तिथे आपण सूर्याचा परतलेला प्रकाश मोजत नसतो, वस्तूने स्वतः बाहेर टाकलेली उष्णता मोजत असतो. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण उपकरण घडवणाऱ्याचा दिवस कशात जाणार हे त्यावर ठरते.

सुमारे 300 केल्विन तापमानाची कुठलीही वस्तू 10 मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक किरणे सोडते. त्यात उपकरणाचे भिंग आले, चौकट आली, नळीही आली. स्वतःच्या उजेडातून जमिनीचा उजेड वेगळा काढायचा, म्हणून टीआयआरएसचे प्रकाश टिपणारे शोधक 43 केल्विनपर्यंत थंड ठेवतात. निर्वातकक्ष, शीतक यंत्रे, ज्ञात तापमानाच्या कृष्णवस्तूशी (पडलेला सगळा प्रकाश शोषणाऱ्या वस्तूशी) पुन्हा पुन्हा ताडून पाहणे, असे हे काम आहे.

हायपरस्पेक्ट्रलवाल्यांची झुंज प्रकाशाच्या टंचाईशी. अरुंद फटीतून आलेला प्रकाश ग्रेटिंगवर (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीवर) पडून शेकडो वाट्यांत विभागला की एकेका वाट्याला फारच थोडा येतो. त्यात फटीच्या मधोमध मोजलेली तरंगलांबी टोकांना किंचित सरकते. हे सरकणे एखाद्या नॅनोमीटरचे असले तरी 0.76 मायक्रोमीटरजवळच्या ऑक्सिजनच्या रेषेपाशी आलेखात खोटे खड्डे दिसू लागतात. मग कित्येक आठवडे जुळवणीतच जातात. (पावसाळ्यात मात्र दोघेही हतबल, ढगांच्या पलीकडे पाहायला रडारच लागते.)

उष्णतेची आणि बारीक विभागणीची, दोन्ही कसोट्या एकाच उपकरणात पाहायच्या असतील तर चांद्रयान-२ वरचे आयआयआरएस हे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर पाहा. चंद्रावरच्या पाण्याची खूण 3 मायक्रोमीटरजवळ असते, पण नेमक्या त्याच भागात तापलेल्या पृष्ठभागाची उष्णताही मिसळते. चांद्रयान-१ वरचे 'एम३' हे खनिजे शोधणारे उपकरण 3 मायक्रोमीटरपाशी थांबत होते. आयआयआरएस 0.8 पासून 5 पर्यंत जाते, त्यामुळे ती उष्णता मोजून वजा करता येते.

हे उपकरण अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडले. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या रंगावर मोलाचे काम होते, पण तो आकडे वाचण्याचा रस्ता. घडवण्याकडे ओढा असेल तर एम.एस्सी.ला प्रकाशिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा मनापासून करा, आणि प्रकल्पाला स्पेक्ट्रोमीटर विकत न आणता स्वतः जुळवा.